घर बांधण्याआधी खड्डा का खणायचा? परवानगीच्या एका कागदाचा इतिहास



गेल्या महिन्यात माझे एक जुने पेशंट बीपी तपासायला आले होते. निवृत्त मुख्याध्यापक आहेत, मी त्यांना सरच म्हणतो. त्यांचा मुलगा अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात राहतो. न्यूयॉर्क शहरात नाही, तिथून चार-पाच तासांवरच्या ग्रामीण भागात. त्याने तिथे पाच एकर जागा घेतली आणि घर बांधायचे ठरवले.

सर म्हणाले, "डॉक्टर, जागा याची, पैसा याचा, हाकेच्या अंतरावर शेजारी नाही. तरी तिथे आधी आरोग्य खात्याची परवानगी लागते. जमिनीत खड्डा खणायचा, त्यात पाणी ओतायचे आणि घड्याळ लावून बसायचे. पाणी किती मिनिटांत जिरते, त्यावर म्हणे घर किती खोल्यांचे बांधता येईल ते ठरणार! आपल्याकडचे बरे. सातबारा पाहिला, एनए झाले, की पाया खणायला मोकळे."

सर हसले. मला मात्र हसू आले नाही, कारण मला एक घर आठवले.

दोन वर्षांपूर्वी गावाबाहेरच्या एका नव्या प्लॉटिंगमधून २६ वर्षांची गरोदर मुलगी माझ्याकडे आली होती. आठवा महिना, उलट्या, डोळे पिवळे. तपासणीत हिपॅटायटिस ई निघाला. ही कावीळ विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून होते. एरवी ती बहुतेकांना आपोआप बरी होते, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत जिवावर बेतू शकते. आम्ही तिला तातडीने मोठ्या हॉस्पिटलला हलवले. ती वाचली, बाळ वाचले नाही.

महिनाभर आधी तिच्या सासऱ्यांना कावीळ झाली होती आणि तेही माझ्याकडेच आले होते. मी त्यांना विचारले होते, "बाहेरचे काही खाल्ले का?" ते म्हणाले, "लग्नात जेवलो होतो." मी मान डोलावली आणि औषधे लिहून दिली. घरी पाणी कुठले पिता, बोअर कुठे आहे, संडासची टाकी कुठे आहे, यातले काहीच मी विचारले नाही.

सरांच्या मुलाकडे जो कागद मागितला गेला, त्या कागदावर नेमके हेच प्रश्न असतात. म्हणून आज त्या कागदाचा इतिहास सांगतो. तो इतिहास सरकारी नियमांचा वाटेल, पण खरा आजारांचा आहे.

तिथे नक्की काय विचारतात?

अमेरिकेत पाचातल्या एकाहून जास्त घरांना गटारलाइन नाही. त्यांचे सांडपाणी स्वतःच्याच जागेत, सेप्टिक टँकमधून जमिनीत जाते. ग्रामीण भागात यातल्या कित्येक घरांचे पिण्याचे पाणीही स्वतःच्याच विहिरीचे किंवा बोअरचे असते. म्हणजे एकाच जमिनीच्या तुकड्यात एका बाजूने मैला सोडायचा आणि दुसऱ्या बाजूने पाणी उपसून प्यायचे.

तिथल्या केंद्र सरकारचा पिण्याच्या पाण्याचा १९७४ चा कायदा सार्वजनिक पाणीपुरवठ्याला लागू होतो. खाजगी विहिरीला तो लागू नाही. तिचे पाणी शुद्ध ठेवणे ही मालकाची जबाबदारी. त्यामुळे घर बांधताना मिळणारी परवानगी ही अनेकदा पहिली तपासणी असते आणि कित्येक ठिकाणी शेवटचीही.

तपशील राज्याराज्यांत बदलतात, पण मुख्य प्रश्न सारखेच आहेत. माती कोणती? पाणी किती वेगाने जिरते? भूजल किती खोल आहे? विहीर आणि सांडपाण्याच्या जागेत अंतर किती? शेजाऱ्याची विहीर कुठे आहे? घरात किती माणसे राहतील? शेवटच्या प्रश्नासाठीच बेडरूम मोजतात. खोल्या जास्त म्हणजे माणसे जास्त आणि तितके सांडपाणी जास्त. सरांच्या कोड्याचे अर्धे उत्तर हे.

सुरुवात चुकीच्या समजुतीतून

या कागदाचा सगळ्यात जुना पूर्वज इंग्लंडमधला आहे. १८४८ च्या पब्लिक हेल्थ ॲक्टमध्ये अशी तरतूद होती, की जिथे स्थानिक आरोग्य मंडळ असेल तिथे नव्या घराचा पाया खणण्याआधी मंडळाला कळवायचे आणि संडास व मैल्याचा खड्डा कुठे, कसा असेल ते सांगायचे.

गंमत अशी, की तेव्हा बहुतेक डॉक्टरांना वाटायचे कॉलरा घाणेरड्या वासातून पसरतो. जंतू कोणाला माहीत नव्हते. म्हणजे कारण चुकीचे होते, पण प्रश्न बरोबर होता.

बरोबर कारण सहा वर्षांनी पुढे आले. १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याने सहाशेहून अधिक माणसे गेली. डॉ. जॉन स्नो यांनी घरोघर फिरून दाखवले, की मेलेल्यांपैकी बहुतेक लोक ब्रॉड स्ट्रीटवरच्या एकाच पंपाचे पाणी पीत होते. ८ सप्टेंबरला त्या पंपाचा दांडा काढला गेला. ही गोष्ट तुम्ही कुठेतरी वाचली असेल.

पुढची गोष्ट कमी लोकांना माहीत असते. पंपाचे पाणी बिघडले कसे? तिथले एक धर्मगुरू हेन्री व्हाइटहेड यांचा आधी स्नो यांच्यावर विश्वास नव्हता. पण त्यांनीच नोंदी चाळून शोधले, की पंपाशेजारच्या ४० नंबरच्या घरातले एक तान्हे बाळ साथीच्या अगदी सुरुवातीला जुलाबाने आजारी होते आणि त्याच्या आईने दुपटी धुतलेले पाणी घराच्या मैल्याच्या खड्ड्यात टाकले होते. १८५५ मध्ये तिथे खणून पाहिले तेव्हा खड्ड्याच्या विटा ढिल्या झालेल्या होत्या आणि मैला मातीतून विहिरीकडे झिरपत होता. खड्डा आणि विहीर यांत अंतर होते जेमतेम तीन फूट.

विहीर आणि संडासचा खड्डा यांतल्या अंतराला आजाराच्या इतिहासात स्थान मिळाले ते इथून.

शहरातून खेड्यात

शहरांनी पुढे गटारे बांधली, पाणी गाळून द्यायला सुरुवात केली आणि तिथला कॉलरा, टायफॉईड ओसरू लागला. खेड्याकडे मात्र कोणी पाहिले नाही. खेड्याची हवा शुद्ध, पाणी गोड, असा समज तिथेही होता.

तो समज दोन आजारांनी मोडला.

पहिला हूकवर्म, म्हणजे अंकुशकृमी. विष्ठेतून पडलेल्या अंड्यांतून मातीत अळ्या होतात, अनवाणी पायांच्या त्वचेतून आत शिरतात आणि शेवटी आतड्यात बसून रक्त पितात. अमेरिकेच्या दक्षिण भागातली ग्रामीण माणसे फिकट आणि थकलेली दिसत. लोक त्यांना आळशी म्हणत. प्रत्यक्षात तो ॲनिमिया होता. १९०९ मध्ये रॉकफेलर यांच्या दहा लाख डॉलरच्या देणगीतून दक्षिणेतल्या ११ राज्यांत मोहीम सुरू झाली. तपासलेल्या शाळकरी मुलांपैकी सुमारे ४० टक्के मुलांच्या पोटात हे कृमी निघाले. गोळ्या दिल्या की मुले बरी होत आणि अनवाणी त्याच मातीत गेली की पुन्हा आजारी पडत. धडा सरळ होता. संडास नीट बांधल्याशिवाय औषध पुरत नाही.

दुसरा टायफॉईड. आपल्या बाजारात 'वॉशिंग्टन ॲपल' मिळतात. त्या वॉशिंग्टन राज्यात याकिमा नावाचे फळबागांचे खोरे आहे. १९११ मध्ये तिथे टायफॉईड फार वाढला, म्हणून केंद्राच्या आरोग्य सेवेतले डॉ. लेस्ली लम्सडेन यांना बोलावले. त्यांना जागोजागी उघडे संडास, त्यांवरून स्वयंपाकघरात येणाऱ्या माश्या आणि दूषित पाणी दिसले. त्यांनी सांगितले, की साथ आली की डॉक्टर बोलावून भागणार नाही. इथे पूर्णवेळ आरोग्य खाते हवे आणि त्याच्या माणसांनी प्रत्येक घराचा संडास व पाणी जाऊन पाहायला हवे. त्याच वर्षी याकिमा काउंटीचे आरोग्य खाते सुरू झाले. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. अमेरिकेतल्या पहिल्या काही पूर्णवेळ काउंटी आरोग्य खात्यांपैकी हे एक.

सरांच्या मुलाच्या दारात येणारा माणूस हा त्या परंपरेतला आहे. तो बिल्डिंग इन्स्पेक्टर म्हणून जन्मला नाही, टायफॉईड शोधायला जन्मला.

सेप्टिक टँक आला, आणि नवा प्रश्न आला

उघड्या संडासावरचा मोठा उपाय म्हणजे सेप्टिक टँक. फ्रान्समधल्या व्हसूल गावच्या मूरास यांनी घराच्या सांडपाण्यासाठी एक बंद टाकी बांधली होती. बऱ्याच वर्षांनी ती उघडली तेव्हा त्यात अपेक्षेपेक्षा फारच कमी गाळ निघाला. १८८१ मध्ये त्यांच्या टाकीला पेटंट मिळाले. पुढे १८९५ च्या सुमारास इंग्लंडमधल्या एक्झिटर शहराचे डोनाल्ड कॅमेरॉन यांनी अशीच टाकी शहराच्या मैल्यासाठी वापरली आणि तिला 'सेप्टिक टँक' हे नाव दिले.

इथे एक मोठा गैरसमज दूर करू या. माझ्या पेशंटपैकी बहुतेकांना वाटते, की सेप्टिक टँकमध्ये मैला 'शुद्ध' होतो. तसे होत नाही. टाकीत गाळ खाली बसतो, तेलकट साय वर येते आणि हवेशिवाय जगणारे जंतू गाळाचा काही भाग कुजवून कमी करतात. टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात टायफॉईडचे, काविळीचे, जुलाबाचे जंतू जिवंत असतात. ते पाणी दिसायला थोडे निवळलेले असते, इतकेच.

खरे शुद्धीकरण होते टाकीनंतरच्या मातीत. टाकीतले पाणी जमिनीखालच्या चरांतून किंवा शोषखड्ड्यातून हळूहळू मातीत मुरते. त्याखाली काही फूट कोरडी, हवा खेळती असलेली माती असेल, तर तिच्या कणांमध्ये जंतू अडकतात, मातीतले इतर सूक्ष्मजीव त्यांना खातात, विषाणू कणांना चिकटून हळूहळू मरतात. म्हणून माती कशी आहे हा बांधकामाइतकाच आरोग्याचाही प्रश्न झाला.

घड्याळ लावून बसणारा माणूस

न्यूयॉर्क राज्यात १९२० च्या दशकात हेन्री रायन नावाचे एक इंजिनिअर होते. बांधलेल्या यंत्रणा काही वर्षांनी तुंबत, मैल्याचे पाणी अंगणात वर येई. रायन अशा घरांमध्ये गेले. साधारण वीस वर्षे वापरलेल्या, बंद पडलेल्या किंवा बंद पडायला आलेल्या यंत्रणांजवळ त्यांनी छोटे खड्डे खणले, माती भिजवली, पाणी ओतले आणि पाण्याची पातळी एक इंच खाली जायला किती मिनिटे लागतात ते मोजले. मग त्या मिनिटांची सांगड त्या घरातून रोज जाणाऱ्या सांडपाण्याशी आणि चरांच्या क्षेत्रफळाशी घातली.

यातून पर्कोलेशन टेस्ट तयार झाली. तिकडे तिला नुसते 'पर्क टेस्ट' म्हणतात. पाणी झटपट जिरले तर चर कमी लांबीचे चालतात, हळू जिरले तर जास्त लांब लागतात, फारच हळू जिरले तर ती जागा त्या साध्या पद्धतीसाठी नापास. सरांच्या कोड्याचे उरलेले अर्धे उत्तर हे. ज्या राज्यात ही पद्धत जन्मली, त्याच राज्यात त्यांचा मुलगा खड्डा खणत होता.

एक गोष्ट लक्षात ठेवा. पाणी फार लवकर जिरणारी जमीनही चांगली नसते. जाड वाळूतून किंवा खडकाच्या भेगेतून पाणी सरळ खाली धावते. मातीला जंतू अडवायला वेळच मिळत नाही. घरमालक खूश असतो, कारण त्याची टाकी कधी तुंबत नाही. शेजाऱ्याच्या विहिरीचे काय होते, ते त्याला कळत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शहरांबाहेर लाखो घरे झाली. गटारे तितक्या वेगाने पोचली नाहीत, म्हणून घराघराला सेप्टिक टँक आला. थोड्याच वर्षांत तक्रारी सुरू झाल्या. त्यावर संशोधन होऊन १९५७ मध्ये तिथल्या सार्वजनिक आरोग्य सेवेने सेप्टिक टँकची मार्गदर्शक पुस्तिका काढली. त्याच काळात न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर काही घरांत नळ सोडला की ग्लासात फेस यायचा. तो धुण्याच्या पावडरीचा फेस होता. सेप्टिक टँकमधून जमिनीत गेलेले पाणीच विहिरीतून परत येत होते. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, फेस दिसला, म्हणून लोकांना पटले.

निळी बाळे

आता या इतिहासातला डॉक्टर म्हणून मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग.

१९४५ मध्ये आयोवा राज्यातले डॉ. हंटर कॉमली यांनी दोन तान्ह्या बाळांची हकिकत प्रसिद्ध केली. शेतावरच्या घरांतली ही बाळे निळी पडत होती. हृदयात दोष सापडत नव्हता, फुप्फुसे ठीक होती. हॉस्पिटलमध्ये आणले की सुधारायची, घरी गेली की पुन्हा निळी व्हायची. कॉमलींनी घरच्या विहिरीच्या पाण्याचा विचार केला. बाळांना वरचे दूध त्याच पाण्यात कालवून दिले जात होते आणि त्या पाण्यात नायट्रेट प्रचंड होते.

नायट्रेट हे मैला, शेणखत आणि रासायनिक खते यांतून भूजलात जाते. मोठ्या माणसाला ते सहसा असे बाधत नाही. पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात त्याचे नायट्राइट होऊ शकते आणि ते रक्तातल्या हिमोग्लोबिनचे असे रूपांतर करते, की त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. रक्त चॉकलेटी दिसते, बाळ निळे दिसते. याला मेथहिमोग्लोबिनेमिया म्हणतात. बाळाला जुलाब असतील तर धोका वाढतो.

कॉमलींच्या लेखानंतर इतर राज्यांत शोध सुरू झाला. १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अशा २७८ बाळांची नोंद झाली, त्यांतली ३९ दगावली होती. त्याच पाहणीच्या आधारे पाण्यातल्या नायट्रेटची मर्यादा ठरली. आपल्या भारतीय मानकातही ती तेवढीच आहे, लिटरला ४५ मिलिग्रॅम.

यातली कळीची गोष्ट अशी, की नायट्रेट मातीत अडकत नाही. ते पाण्याबरोबर सरळ जाते. आणि पाणी उकळले तर जंतू मरतात, पण नायट्रेट कमी होत नाही. पाणी आटल्यामुळे उलट वाढते. आई जितकी काळजीने पाणी जास्त वेळ उकळणार, तितका धोका वाढणार. म्हणून नुसते "पाणी उकळून प्या" या आमच्या सल्ल्याने भागत नाही. विहीर मुळात योग्य जागी असावी लागते.

नियम असूनही

तुम्ही म्हणाल, हे सगळे जुने झाले. १९९९ चे उदाहरण घ्या. न्यूयॉर्क राज्यातच वॉशिंग्टन काउंटीची जत्रा ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात भरली होती. जत्रेच्या मैदानातल्या एका विहिरीचे पाणी क्लोरीन न घालता काही विक्रेते सरबतात आणि बर्फात वापरत होते. मैदानावरच्या वसतिगृहाचा शोषखड्डा त्या विहिरीपासून साधारण ३६ फुटांवर होता. ई. कोलाय आणि कॅम्पिलोबॅक्टर जंतूंची साथ पसरली. खात्रीचे आणि संशयित धरून ७८१ लोक आजारी पडले, ७१ जणांना दाखल करावे लागले, १४ जणांना मूत्रपिंडाची गंभीर गुंतागुंत झाली आणि दोघे मरण पावले. त्यांपैकी एक तीन वर्षांची मुलगी होती. चौकशीत रंग टाकून पाहिले, तेव्हा शोषखड्ड्यातले पाणी त्या विहिरीपर्यंत पोचत असल्याचे सिद्ध झाले.

सत्तर वर्षांपूर्वी रायन यांनी याच राज्यात खड्डे खणले होते. ज्ञान होते, नियम होते. त्या एका विहिरीपाशी ते पोचले नव्हते.

नियमांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अलाबामा राज्यातल्या लाउंड्स काउंटीत आपल्यासारखीच काळी चिकण माती आहे. पावसात ती पाणी घेतच नाही. साधा सेप्टिक टँक तिथे चालत नाही आणि चालेल अशी यंत्रणा गरिबाच्या आवाक्याबाहेरची. त्यामुळे कित्येक घरांचा मैला पाइपने सरळ मागच्या अंगणात जात राहिला. आणि त्या राज्यात योग्य यंत्रणा नसणे हा गुन्हा असल्याने अशा लोकांवर कारवाईही झाली. २०२३ मध्ये केंद्रीय न्याय खात्याशी झालेल्या करारात अशी कारवाई थांबवण्याचे ठरले, पण २०२५ मध्ये न्याय खात्याने तो करार संपवला. परवानगी मागायची आणि ती मिळण्याजोगी सोय मात्र गरिबाला करून द्यायची नाही, असे झाले की आरोग्याचा नियम गरिबीचा दंड होतो. हेही या इतिहासाचा भाग आहे.

आता आपल्या अंगणात

त्या मुलीच्या घरी मी नंतर गेलो. तिच्या सासऱ्यांनीच बोलावले होते. प्लॉट दोन-अडीच गुंठ्यांचे. त्यांच्या बोअरपासून शेजाऱ्यांचा शोषखड्डा मी पावलांनी मोजला, चौदा पावले. म्हणजे फार तर पस्तीस फूट, आणि तोही चढाच्या बाजूला. शेजाऱ्यांनी काहीही चोरून केले नव्हते. त्यांनी त्यांच्या जागेत खड्डा घेतला होता, यांनी यांच्या जागेत बोअर. पाणी तपासायला दिले, विष्ठेतले जंतू निघाले. त्या पाण्यामुळेच तिला कावीळ झाली, असे मी शपथेवर सांगू शकणार नाही. पण महिनाभर आधी तो प्रश्न मी विचारायला हवा होता, हे मात्र नक्की सांगतो. आता कावीळ, टायफॉईड किंवा वारंवार जुलाब घेऊन कोणी आले, की बोअर आणि टाकी कुठे आहे हे मी आधी विचारतो.

आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. सेप्टिक टँकसाठी भारतीय मानक आयएस २४७० आहे. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून शोषखड्डा किमान १८ मीटर, म्हणजे साधारण ६० फूट दूर हवा, असे ते सांगते. अमेरिकेत अनेक राज्यांत हे अंतर १०० फूट आहे. आपला बराचसा महाराष्ट्र काळ्या बेसाल्ट खडकावर बसला आहे. वर माती कुठे पातळ, कुठे चिकण काळी, आणि खाली भेगा. काळी माती पाणी घेत नाही, भेग ते गाळत नाही. म्हणून आपल्याला ६० फूट हे कमीत कमी समजावे लागेल.

फार्महाऊस, प्लॉट किंवा गावाकडे नवीन घर यांचा विचार करत असाल, तर एवढे करा:

१. प्लॉट घेण्याआधी टेप घेऊन जा. तुमचा बोअर कुठे येईल, चारही बाजूंच्या शेजाऱ्यांचे बोअर आणि शोषखड्डे कुठे आहेत, हे कागदावर काढा. ६० फूट बसत नसेल तर सगळ्यांनी मिळून एकच सामाईक पाणी योजना करण्याचा आग्रह धरा.

२. बोअर चढाच्या बाजूला, शोषखड्डा उताराच्या बाजूला.

३. बोअरचे केसिंग पक्क्या खडकापर्यंत न्या, ते जमिनीच्या वर दीड-दोन फूट ठेवा, भोवती सिमेंटचा ओटा करा आणि तोंडाला झाकण बसवा.

४. टाकीचे पाणी जुन्या, आटलेल्या बोअरमध्ये किंवा विहिरीत कधीही सोडू नका. ते सरळ भूजलात जाते.

५. टाकीतला गाळ दर दोन-तीन वर्षांनी उपसून घ्या.

६. वर्षातून एकदा, पावसाळ्यात किंवा पावसाळा संपल्यावर पाणी तपासा. जंतू आणि नायट्रेट दोन्ही तपासायला सांगा.

७. घरात तान्हे बाळ वरच्या दुधावर असेल, तर बोअरच्या पाण्यातले नायट्रेट तपासल्याशिवाय ते वापरू नका. उकळून उपयोग नाही.

८. घरात कोणी गरोदर असेल आणि दुसऱ्या कोणाला कावीळ झाली, तर त्याच दिवसापासून सगळ्यांनी उकळलेले पाणी प्या आणि डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगा. डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगा.

सरांना मी हे सगळे एवढ्या विस्ताराने सांगितले नाही, बाहेर पेशंट थांबले होते. एवढेच म्हणालो, "सर, त्या खड्ड्याला नावे ठेवू नका. तो खणायला शिकायला माणसांना फार जीव द्यावे लागले." सर जरा गप्प झाले. मग म्हणाले, "आमच्या गावाकडच्या घराचा बोअर आणि टाकी किती लांब आहेत, कोणास ठाऊक."

पुढच्या वेळी मोजून या, म्हटले. तुम्हीही मोजा.